घर इनन्डेट झालं म्हटलं तर काय चुकलं?

या वेळचं पत्र थोडं कापून देतेय, नाव-गाव काढलंय. सगळा वाद inundate (इनन्डेट) या इंग्रजी शब्दाचा आहे, पाण्याखाली जाणं की कामाखाली बुडणं.

"ताई नमस्कार. मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, नदीकाठचं गाव, नोकरीला हिंजवडीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी कंपनीत नवीन होतो. गावात पाणी चढायला लागलं आणि वडिलांचा फोन आला की पाणी उंबऱ्याला लागलंय. मी घाईघाईत लीव्हचा मेल टाकला, त्यात लिहिलं 'माय हाऊस इज इनन्डेटेड विथ वॉटर' आणि निघालो. दुसऱ्या दिवशी टीम कॉलवर टीमलीड सगळ्यांसमोर हसत म्हणाले, अरे इनन्डेटेड मेल्सनी होतात, कामानी होतात, घर फ्लडेड होतं, डिक्शनरी जरा कमी बघ. सगळे हसले, मी पण हसलो. तेव्हा मी कराडच्या स्टँडवर उभा होतो, पुढं हायवे बंद होता. आता परवा त्याच सरांचा मेल आला, 'सॉरी फॉर द लेट रिप्लाय, आय वॉज इनन्डेटेड', आणि जुनं सगळं वर आलं. मला एवढंच सांगा, माझं इंग्रजी चुकलं होतं का? फ्लड, डेल्यूज, सबमर्ज, वॉटरलॉगिंग यात नेमका फरक काय? आणि सरांना काय रिप्लाय देऊ? ता. क. वडील म्हणाले ते 'पाणी उंबऱ्याला लागलंय' इंग्रजीत कसं म्हणायचं? तेव्हापासून डोक्यात बसलंय."

अरे बाबा, निकाल आधीच सांगून टाकते कारण तू इतकी वर्षं थांबलायस. नाही चुकलं. तुझं वाक्य बरोबर होतं, शब्द बरोबर होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या कॉलवर जेवढे लोक होते त्यातला तो शब्द त्याच्या मूळ अर्थानं वापरणारा तू एकटाच होतास. बाकीच्यांना तो फक्त इनबॉक्समधून माहीत होता.

आता हे मी तुझी बाजू घ्यायची म्हणून बोलत नाहीये. शब्दाचं पोट फाडून बघू. लॅटिनमध्ये उन्डा म्हणजे लाट, आणि त्याच्यावरून इनन्डारे म्हणजे लाट येऊन वर पसरणं, जमिनीवर पाणी चढणं. तिथून इंग्रजीत इनन्डेशन आणि इनन्डेट. यात मेल कुठं आहे? कुठंच नाही. मेल नावाची गोष्ट जन्माला यायच्या कितीतरी शतकं आधीपासून या शब्दात नुसतं पाणी आहे. हा उन्डा लांबून आपल्याही नात्यातला निघतो बरं का, संस्कृतात उन्द् हा धातू आहे, अर्थ भिजवणं, आणि आपलं उदक पण त्याच घराण्यातलं. म्हणजे संध्येला पळीनं उदक सोडणारा तुझा आजा आणि मेलमधलं इनन्डेटेड यांचा पणजोबा एकच.

आणि एक गंमत, तुमच्या आयटीवाल्यांना आवडेल अशी. हे रिडंडंट रिडंडंट तुम्ही दिवसभर म्हणता ना, रिडंडंट सर्व्हर, रिडंडंट कोड, तो पण याच उन्डातून आलेला आहे. भरून वाहिलं आणि काठावरून सांडलं ते रिडंडंट, म्हणून मग जादाचं, नको असलेलं. अबन्डंट म्हणजे भरपूर, ते पण भरून वाहणारंच. आणि सराउंड, हा तर सगळ्यात भारी, याचा पहिला अर्थ पाण्यानं भरून वाहणं असाच होता, नंतर लोकांना त्यात राउंड ऐकू यायला लागलं आणि तो घेरणं म्हणून चालायला लागला. तुझे टीमलीड घरी सराउंड साउंडवर मॅच बघत असतील तर ते पण पाण्यातच बसलेत म्हण. तर शब्द असे वाहत वाहत जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आलंकारिक अर्थ खोटा असतो असं पण मी म्हणत नाहीये, 'इनन्डेटेड विथ कॉल्स' अगदी झकास इंग्रजी आहे. पण आलंकारिक अर्थ माहीत असणाऱ्यानं मूळ अर्थवाल्याला हसायचं म्हणजे नातवानं आज्याला सांगायचं की तू आमच्या घरातला नाहीस.

मग सरांना तसं का वाटलं? कारण आजकाल ऑफिसात 'इनन्डेटेड विथ' एवढं कानावर पडलं की पुढं कॉल्स, मेल्स, रिक्वेस्ट्स, अ‍ॅप्लिकेशन्स हेच येतं. कान तयार झालेला असतो. तू तिथं वॉटर घातलंस, त्यांना वाटलं गाडी चुकीच्या फलाटावर लागली. बरं, त्या वाक्यात काही काढायचंच असतं तर एक 'विथ वॉटर' काढता आलं असतं, कारण घर इनन्डेट झालं म्हटल्यावर कशानं झालं ते सांगायची गरज नसते. पण ते असलं म्हणून चूक होत नाही, नुसतं जादाचं होतं. वर सांगितलं तसं रिडंडंट.

आता फरकाचं. तू चार शब्द दिलेस, मी ते व्याख्या पाठ करून सांगणार नाही, आमच्या सांगलीच्या मामाच्या घरातून सांगते. मी मिरजेत राहते, मामा सांगलीत गावभागात. २०१९ ला तिथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मामा, मामी, शेजारचं एक कुटुंब आणि त्यांचं मांजर धरून आमच्याकडे अकरा जीव होते. पाणी उतरल्यावर मी त्यांच्याबरोबर घर उघडायला गेले. दार ढकलेना, आतून चिखलानं धरलेलं. कसंबसं सरकवलं तर आत फ्रीज कॉटवर आडवा झोपलेला. कुणी ठेवला? कुणी नाही, तो तरंगत गेला, पाणी उतरताना जिथं होता तिथं बसला, आणि खाली नेमकी मामीची कॉट आली. रिकामा सिलेंडर पण असाच फिरून फिरून देवघराच्या दारात येऊन थांबलेला. पाटा-वरवंटा मात्र जिथल्या तिथं, त्याच्यावर बोटभर गाळ. आणि गादी, ती कापसाची जुनी गादी, ती चौघांनी मिळून पण उचलेना, एवढं पाणी प्यालेली, शेवटी विळ्यानं फाडून तुकड्यांनी बाहेर काढली.

तर घर इनन्डेट झालं. म्हणजे पाणी बाहेरून आलं, आत शिरलं, पसरलं, सगळं व्यापून टाकलं. पाटा सबमर्ज झाला, म्हणजे पूर्ण पाण्याखाली गेला, वर काही दिसायला उरलं नाही. फ्रीज सबमर्ज नाही झाला, तो तरंगला. आणि गादी वॉटरलॉग्ड झाली, म्हणजे पाणी तिच्यात मुरलं आणि मुरून बसलं. एकाच खोलीत तिन्ही शब्द. मी शाळेत इंग्रजीच्या तासाला मुलांना आता हेच उदाहरण देते आणि एकानं पण पुन्हा घोळ घातलेला नाही.

वॉटरलॉगिंगचं मात्र आपल्याकडे वेगळंच झालंय. मुंबईत हिंदमाताला पाणी साचलं की वॉटरलॉगिंग, म्हणजे आपण मराठीत ज्याला पाणी तुंबलं म्हणतो ते. तिकडं इंग्लंडात वॉटरलॉग्ड म्हटलं की त्यांना पाणी पिऊन लदलद झालेलं क्रिकेटचं मैदान दिसतं, नाहीतर पाणी भरून जड झालेली होडी. आपलं भारतातलं इंग्रजी आहे, आपल्या पेपरात चालतं, मी त्याला चूक म्हणत नाही, पण बाहेरच्या क्लायंटला लिहिताना 'द रोड्स आर फ्लडेड' म्हण, नाहीतर त्याला वाटेल रस्त्यालाच ओल आलीय. शेतात मात्र हा शब्द दोन्हीकडं सारखाच चालतो. तुझ्या वडिलांच्या रानात दहा दिवस पाणी राहिलं असेल, उसाच्या पोंग्यात गाळ बसून तो कुजला असेल, पाणी गेल्यावर पण पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत, ते रान वॉटरलॉग्ड.

डेल्यूज म्हणजे बदाबदा. एकदम आणि प्रचंड. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो डेल्यूज. बायबलमधल्या नोहाच्या वेळचा प्रलय पण डेल्यूजच. त्याचा मूळ अर्थ धुऊन नेणं, त्यामुळं त्यात जोर आहे, कोसळणं आहे. आणि फ्लड म्हणजे आपला साधा घरगुती पूर, कुठंही बसतो, कुणालाही कळतो.

आता इथं जरा थांब, कारण मला जे सांगायचंय ते इथं आहे. शिरोळला २०१९ ला डेल्यूज झाला नव्हता. तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. शिरोळचा पाऊस तो केवढा, कोल्हापूर जिल्ह्याची पूर्व बाजू, गगनबावड्याला धो धो कोसळत असतो तेव्हा तुमच्याकडं अंगण नुसतं ओलं. पाऊस पडतो तिकडं घाटावर, राधानगरीला, कोयनेला, महाबळेश्वरला, आणि दोन दिवसांनी पाणी येतं तुमच्या दारात, पंचगंगेतनं आणि कृष्णेतनं, दोन्ही बाजूंनी, शिवाय खालच्या अंगानं मागं सरकणाऱ्या पाण्याचा फुगवटा. तुमच्याकडची माणसं सांगतात ना, वर ऊन पडलंय आणि खाली पाणी चढतंय. म्हणजे वरून कोसळलेलं पाणी नाही, कुठून तरी दुसरीकडून आलेलं, गुपचूप चढलेलं, रानात, गल्लीत, घरात पसरलेलं पाणी. याला इंग्रजीत सगळ्यात नेमका शब्द कुठला म्हणशील तर इनन्डेशन. डेल्यूज चुकला असता, वॉटरलॉगिंग थिटा पडला असता, सबमर्ज्ड म्हणजे घराचं छत पण दिसत नाही असा अर्थ झाला असता. तू वडिलांचा फोन ठेवून, बॅग भरत भरत, घाबरलेल्या डोक्यानं, जो शब्द टाकलास तो बरोब्बर त्या पाण्याचा होता. शाळेत असतास तर वर्गात वाचून दाखवलं असतं मी ते.

सरकारी कागदात पण हाच शब्द असतो. धरणाचा इमर्जन्सी प्लॅन करतात त्यात इनन्डेशन मॅप असतो, धरणाला काही झालं तर पाणी कुठंकुठं पसरेल त्याचा नकाशा. तिथं कुणी मेल्स मोजत नाही. आपल्याकडं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जातो ती, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा, ते पण शेवटी इनन्डेशनचंच गणित. आणि पूर्वी सिंध-पंजाबात इनन्डेशन कॅनॉल असायचे, त्यांना बंधारा नाही, दरवाजा नाही, नदी फुगली की पाणी आपोआप कालव्यात शिरायचं, नदी उतरली की कालवा कोरडा.

यावरून आठवलं, इनन्डेशन म्हणजे दर वेळी वाईटच असं नाही. सगळ्यात जुनं आणि प्रसिद्ध इनन्डेशन नाईलचं. इजिप्तमध्ये दर उन्हाळ्यात नाईल चढायची, रानात पाणी पसरायचं, गाळ टाकून उतरायची, आणि त्या गाळावर पेरणी. त्यांच्या वर्षातला एक अख्खा ऋतूच त्या पाण्याचा, नाव अखेत. लोक देवाला नवस करायचे पूर यावा म्हणून. १९७० ला आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि ते चढणं-उतरणं संपलं. कैरोत रोदा बेटावर इ.स. ८६१ मध्ये बांधलेला नाईलचं पाणी मोजायचा एक खांब आहे, अजून आहे, एका विहिरीसारख्या खड्ड्यात उभा केलेला, त्याच्यावर हाताच्या खुणा. आपण जसं कापड हातानं मोजायचो तसा हात. १६ हात पाणी आलं म्हणजे साल चांगलं, आणि त्याच्यावर सरकारचा शेतसारा ठरायचा. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आयर्विन पूलच डोळ्यासमोर आला. पावसाळ्यात आमच्याकडं सकाळी उठल्यावर दूधवाला पहिलं काय विचारतो? आयर्विनला किती? कोल्हापूरकर पंचगंगेवरचा राजाराम बंधारा बघतात, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. हजार वर्षांत फक्त हाताचे फूट झाले बघ.

आणि तू तर नृसिंहवाडीच्या जवळचा. तुला दक्षिणद्वार सोहळा मी काय सांगू, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, काठावर दत्ताचं देऊळ. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात येतं, उत्तरेकडून आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं. हे झालं की दक्षिणद्वार सोहळा झाला. लोक धावत येतात त्या पाण्यात स्नान करायला, पुण्य मानतात. म्हणजे देऊळ इनन्डेट झालं आणि लोक आनंदानं त्यात उभे. तेच पाणी अजून पंधरा फूट चढलं की तेच लोक ट्रॅक्टरवर गादी-पांघरुणं आणि म्हातारी माणसं घालून निघतात. नदी तीच, माणसं पण तीच, मधले पंधरा फूट तेवढे वेगळे. पुणेकराला हे समजावून सांगायला गेलं की तो म्हणतो मग तुम्ही तिथं राहताच कशाला. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानातलं वांगं खाल्लं नाहीये त्यानं, सोड.

आणि मुद्दाम केलेलं इनन्डेशन पण असतं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या ऑक्टोबरच्या शेवटी, बेल्जियमच्या सैन्यानं निऊपोर्टला समुद्राच्या भरतीला पाण्याचे दरवाजे उघडले आणि इझर नदीकाठचा सगळा सखल भाग पाण्याखाली घातला, जर्मन फौज तिथंच अडली. लढाईच्या पुस्तकात त्याला इनन्डेशनच म्हणतात. हे तुझ्या टीमलीडना सांगायची गरज नाही, हे माझं मलाच आवडतं म्हणून सांगितलं.

आता वापराचं थोडंसं, कारण मी शेवटी बाईच आहे शाळेतली, राहवत नाही. इनन्डेट करायला कुणीतरी लागतं आणि व्हायला पण कुणीतरी लागतं. 'फ्लड वॉटर इनन्डेटेड द व्हिलेज' बरोबर. 'द व्हिलेज वॉज इनन्डेटेड' बरोबर. पण 'पंचगंगा हॅज इनन्डेटेड' म्हणून फुलस्टॉप देऊन मोकळं व्हायचं नाही, काय इनन्डेट केलं ते सांगावं लागतं. नदीबद्दलच बोलायचं तर 'पंचगंगा हॅज ओव्हरफ्लोड इट्स बँक्स', आपल्या पेपरातली 'पात्राबाहेर पडली' ती हीच. किंवा 'इज इन स्पेट', जे आपल्या इंग्रजी पेपरांचं फार लाडकं आहे. विथ आणि बाय दोन्ही चालतात, मेल-कॉलच्या मागं बहुतेक विथ, पुराच्या पाण्याच्या मागं बाय जास्त बरं दिसतं. उच्चार इ-नन्-डेट, जोर पहिल्या इ वर. आणि स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एन एकच, दोन घातले की लाल रेघ येते, दर वर्षी निम्मा वर्ग दोन घालतो.

आणि एक गोष्ट जी ऑफिसात उपयोगी पडेल. या शब्दात आलंकारिक अर्थानं थोडी कुरकुर असते. आवरेना एवढं झालं, झेपेना, असा सूर. म्हणून गिऱ्हाइकाला 'वी आर इनन्डेटेड विथ युअर क्वेरीज' लिहिलं की तो ऐकतो, तुमचा त्रास झालाय आम्हाला. तिथं सरळ 'वी हॅव रिसीव्हड मेनी क्वेरीज' बरं. शुभेच्छांच्या बाबतीत चालतं, कारण तिथं झेपेना हे कौतुकानं असतं. मराठीत आपण यासाठी वेगवेगळे शब्द ठेवलेत, शुभेच्छांचा वर्षाव, प्रश्नांचा भडिमार, पाहुण्यांची रीघ, आणि कामाचं असेल तर नाकातोंडात पाणी गेलं. म्हणजे तुझ्या सरांच्या मेलचं मराठी करायचं तर 'उशीर झाला, नाकातोंडात पाणी गेलं होतं'. डोक्यावरून पाणी गेलं असं मात्र करू नको, ते सहन होईना किंवा काही कळलंच नाही यासाठी.

बरं, आता तुझी बाजू घेऊन झाली, आता थोडं तुला. शब्द बरोबर होता पण लीव्हच्या मेलला तो नको होता. संकटाच्या मेलमध्ये समोरच्याला वाक्य दोनदा वाचायला लागलं नाही पाहिजे. त्याला तीनच गोष्टी हव्या असतात, काय झालं, तू कुठं आहेस, कधी येणार. 'फ्लड वॉटर हॅज एंटर्ड आवर हाऊस. आय अ‍ॅम लीव्हिंग टुडे टू मूव्ह माय पॅरेंट्स. प्लीज ग्रँट मी लीव्ह टिल मंडे, फोन मे नॉट वर्क देअर.' झालं. चौथीतल्या पोराचं इंग्रजी, पण यात हसायला जागा नाही आणि शंकेला पण नाही. मोठे शब्द निवांत वेळेसाठी असतात.

हे मी कुठल्या तोंडानं सांगते? २००५ ला सांगलीत पाणी आलं तेव्हा मी शाळेत नवीन होते आणि मुख्याध्यापकांना इंग्रजीत चिठ्ठी पाठवली होती, इंग्रजीची बाई म्हणून मराठीत कशी पाठवणार. लिहिलं, 'आय अ‍ॅम सबमर्ज्ड इन फ्लड, हेन्स कॅनॉट अटेंड स्कूल.' मी. स्वतः. पूर्ण पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर कामावर गेले तर सरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, आणि चहा संपल्यावर चिठ्ठी पुढं सरकवून म्हणाले, बाई, तुम्ही सबमर्ज होतात तर ही लिहिली कुणी? मी अजून हसते आठवलं की. तुझ्या सरांनी पण खरं तर तसलाच विनोद केला, आणि माझी तर चूक होती, तुझी नव्हती. पण माझ्या सरांनी आधी घरचे कसे आहेत विचारलं आणि दार लोटलं. तुझ्या सरांनी तू कराडच्या स्टँडवर पोचलायस की नाही हे पण विचारलं नाही. मला वाटतं तुला इतकी वर्षं जे टोचतंय ते इंग्रजी नाहीच, पण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता रिप्लाय. जुनं उकरून काढू नको, त्यांना आठवत पण नसणार, आणि तू 'सर, २०१९ ला तुम्ही म्हणाला होतात' अशी सुरुवात केलीस की तूच डूख धरून बसलेला दिसशील. त्यांच्या शब्दाचाच धागा पकड. कामाचं जे उत्तर असेल ते दे आणि खाली एक ओळ टाक: 'होप द वॉटर इज रिसीडिंग अ‍ॅट युअर एंड.' रिसीड म्हणजे ओसरणं. कळलं तर हसतील, नाही कळलं तर तू हस. त्यांनी कधी विचारलंच की ही काय भानगड, तर मग सांग, निवांत, चहावर, कॉलवर नाही.

राहिलं उंबऱ्याचं. 'द वॉटर हॅज रीच्ड आवर डोअरस्टेप', अर्थ पोचतो, व्याकरण ठीक, परीक्षेत लिहिलंस तर पैकीच्या पैकी देईन. पण तेवढंच. डोअरस्टेपवर दूध येतं, कुरियर येतं, पाणी पण आलं. तुझे वडील उंबऱ्याला लागलंय म्हणाले तेव्हा त्यांनी एका वाक्यात पाणी किती, वेग किती आणि आता काय करायचं एवढं सगळं सांगितलं होतं. लागलंय म्हणजे आत नाही आलेलं अजून. म्हणजे धान्य माळ्यावर चढवायला, जनावरं सोडायला थोडा वेळ आहे, आणि पोरगं आलं तर बरं. म्हातारी माणसं ये म्हणत नाहीत, पाणी कुठवर आलंय ते सांगतात. पुढच्या पावसाळ्यात असा फोन आला तर इंग्रजी शोधत बसू नको. टीमलीडना एका ओळीचा मेसेज कर, 'गोइंग होम, फ्लड', आणि स्वारगेट गाठ. उंबऱ्याला आहे तोवर पोचलास तर तो फ्रीज तरी माळ्यावर चढेल.